घास तोंडात जाण्यापूर्वी



आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या अंबाजोगाईत आज मी चवीवर बोलणार आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते गुरुजी विज्ञान शिकवताना घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंपासून सुरुवात करायचे. मीही भाकरीपासूनच सुरुवात करतो.

साठी ओलांडलेली जी मंडळी समोर बसली आहेत त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची आणि रेशनवर मिळेल ते धान्य घरी आणायचं. त्या धान्यात अमेरिकेतून आलेला मिलो होता. मिलो म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, ज्वारीच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात आपली मालदांडी आणि मिलो एकाच जातीत मोडतात. फरक डोळ्यांना दिसणारा होता. मालदांडीचा दाणा मोत्यासारखा, तर मिलोचा लाल. मिलोबद्दल कुणालाही विचारा, भाकरी चांगली लागत नव्हती असं सगळे सांगतात. पण सांगताना पहिला शब्द येतो तो ‘लाल’. लाल भाकरी, लाल मिलो, लाल ज्वारी. पन्नास वर्षांनंतर जिभेची आठवण सांगायला माणूस डोळ्यांची साक्ष काढतो.

त्या माणसांना नावं ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या डोळ्याला ज्वारीचा रंग वाचण्याची सवय आहे आणि ती सवय खरी आहे. खरिपाची ज्वारी काढणीला आली आणि नेमका पाऊस लागला की कणसावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो. काळ्या ज्वारीची भाकरी कडवट लागते, तिला भाव मिळत नाही, शेवटी ती जनावरांपुढे जाते. रब्बीची मालदांडी कोरड्या हवेत पिकते, म्हणून पांढरी राहते. म्हणजे पांढरा रंग हा चांगल्या धान्याचा दाखला झाला. पिढ्यान् पिढ्या हा दाखला बरोबर ठरला. मग एक दिवस लाल दाणा समोर आला. तो सडलेला नव्हता, तो जात्याच लाल होता. पण डोळ्यांनी जुन्या अनुभवावरून निकाल देऊन टाकला होता आणि जिभेला तो बदलता आला नाही. शिवाय ती भाकरी लाचारीची होती, आणि लाचारीचीही चव असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. चव जिभेवर ठरत नाही. घास तोंडात जाण्यापूर्वीच डोळे, नाक, कान आणि बोटं तिच्याबद्दल बरंच काही ठरवून मोकळी झालेली असतात. आणि जो आपल्या डोळ्यांना शिकवतो तोच आपली चव ठरवतो. पूर्वी हे काम शेत करायचं, आता बाजार करतो.

जिभेचं ज्ञान तसं बेताचंच आहे. गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी ती उमामी; जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ती १९०८ साली समुद्रशेवाळाच्या सारातून ओळखली. आपल्या आयुर्वेदाने सहा रस सांगितले आणि त्यांत तिखट व तुरट धरले. आजचं शास्त्र सांगतं की हे दोन्ही चवीच्या पेशींतून कळत नाहीत. तुरटपणा म्हणजे लाळेतली प्रथिनं बांधली जाऊन तोंडाला आलेला कोरडेपणा. तो स्पर्श आहे. तिखट म्हणजे दाह, म्हणजे वेदना. पण मला जुनी यादी चुकीची वाटत नाही. जेवणाऱ्या माणसाच्या तोंडात जे जे घडतं ते सगळं मोजून ती केली आहे, आणि जेवणारा माणूस चेतातंतू वेगवेगळे काढून जेवत नाही.

बाकी जे काही आपण चव म्हणून सांगतो ते बहुतेक नाकाचं काम असतं. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो. घरी गेल्यावर नाक घट्ट दाबून डोळे मिटा, आणि कुणाला तरी आधी साखर, मग गुळाचा बारीक खडा तोंडात घालायला सांगा. दोन्ही नुसतं गोड लागेल. नाक सोडलं की गूळ एकदम गूळ होतो. आपल्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. त्यांचा शोध लावणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं. करोनाच्या साथीत कित्येकांच्या तोंडाची चव गेली. खरं तर त्यांतल्या अनेकांचं नाक काम करेनासं झालं होतं. जीभ शाबूत होती, मीठ-साखर कळत होती, पण वरण कोणतं आणि आमटी कोणती ते कळत नव्हतं.

आपल्या भागातल्या बायकांना हे पुस्तक न वाचता ठाऊक आहे. काळा मसाला करताना दगडफूल हातात घेऊन पाहा, कोरड्या पाल्यासारखं असतं, वास जवळपास नाहीच. तेलात पडलं की त्याचा वास घरभर जातो. खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, कांदा भाजायचा, आणि मग त्या मसाल्याची आमटी. लग्नघरातली येसराची आमटी आठवा. तिच्यात ना भाजी ना मटण. भाजून दळलेली धान्यं, डाळी आणि मसाला, बस. पण ताटात ती गडद तपकिरी येते, तिच्यावर तेलाचा तवंग असतो, वाफ तोंडावर येते, आणि रस्सा दाट लागतो. हे सगळं ओळखीचं असल्यामुळे माणूस मटणाच्या पंगतीत बसल्यासारखा भाकरी कुस्करायला लागतो. गरिबीत केलेली ही पाककला फार मोठी आहे असं मी मानतो. हाताशी जे नव्हतं त्याची भरपाई तिने रंगाने, वासाने आणि दाटपणाने केली.

डोळ्यांच्या ताकदीचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. फ्रान्समधल्या बोर्दो इथे फ्रेडरिक ब्रोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली आणि तिचा वास शब्दांत सांगायला लावलं. नंतर तीच वाइन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली. विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी लाल वाइनचे शब्द वापरले. हे संशोधन २००१ साली छापून आलं. ही मुलं अडाणी नव्हती, याच विषयाचं शिक्षण घेत होती. म्हणूनच अन्नाची चव तपासणाऱ्या प्रयोगशाळांत लाल दिव्याची सोय असते. त्या उजेडात पदार्थाचा रंग कळत नाही आणि परीक्षकाला चवीवरच बोलावं लागतं.

आता मी गुळाकडे येतो, कारण माझ्या जिवाला लागलेला विषय तो आहे.

गुऱ्हाळावर कधी गुळव्याचं काम नीट पाहिलं आहे का? काहिलीत रस उकळत असतो. चुना घातला जातो, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला जातो, मळी वर येते, ती झाऱ्याने काढली जाते. मग पाक दाटू लागतो. शंभर अंशांच्या कितीतरी वर गेलेला हा पाक जिभेला लावता येत नाही, पोळेल. म्हणजे गोडवा तयार करणाऱ्या माणसाला चव घेऊन पाहण्याची सोयच नाही. तो काय करतो? आधी फेसाकडे बघतो. बुडबुडे मोठे आहेत की बारीक, फुटताना कसे फुटतात, रंग कुठवर आला. मग वास घेतो. करपण्याच्या एक पायरी अलीकडचा वास त्याला माहीत असतो. मग पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी त्याची गोळी वळतो. गोळी मऊ असेल तर थांबायचं. कडक झाली की ती भांड्यावर टाकून आवाज ऐकायचा. आवाज खणखणीत आला की काहील उतरवायची. एवढ्या सगळ्यात जिभेला कुठेही काम नाही. डोळे, नाक, बोटं आणि कान यांच्या जोरावर तो ढेप काढतो, आणि ती गोड आणि खुसखुशीत निघते. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तरी पाक बिघडेल असं त्याचं काम. चवीचा एवढा मोठा जाणकार आपल्या जिल्ह्यात आहे आणि त्याला आपण तज्ज्ञ म्हणत नाही.

आणि ही ढेप बाजारात गेली की काय होतं? आडतीवर तिचा रंग बघतात. पिवळाधमक गूळ पुढे, काळपट गूळ मागे. गिऱ्हाईकही तेच करतं. चार इंद्रियांनी बनवलेली वस्तू एका इंद्रियाने विकत घेतली जाते. त्यामुळे गुऱ्हाळवाला काय करणार? तो रसात सोडियम हायड्रोसल्फाइट टाकतो, गुऱ्हाळाच्या भाषेत हायड्रोस. ही रंग उडवणारी पावडर आहे. तिने गूळ पिवळा होतो, पण गोड होत नाही आणि टिकाऊही होत नाही. काही आठवड्यांनी तोच गूळ पुन्हा काळवंडू लागतो. मागे राहतो तो गंधकाचा अंश, ज्याला कायद्याने मर्यादा घातली आहे आणि जो मर्यादेबाहेर गेला की दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतो. रसायन न टाकलेला गूळ साधारण तपकिरी असतो. त्याला वास असतो, तो तोंडात भरून राहतो.

मी गुऱ्हाळवाल्याला दोषी धरत नाही. काळपट गुळाला क्विंटलमागे कमी भाव मिळत असेल तर त्याने तत्त्वासाठी तोटा सोसावा असं आपण कुठल्या तोंडाने सांगणार? दोष गिऱ्हाइकाच्या डोळ्याचा आहे. ज्वारीत पांढरा रंग शेताने शिकवलेला होता आणि त्याला आधार होता. गुळात पिवळा रंग बाजाराने शिकवला आणि त्याला काडीचाही आधार नाही. हा फरक आपण ओळखला पाहिजे.

सीताफळाची गोष्ट थोडक्यात सांगतो. बालाघाटाच्या डोंगरातलं आपलं सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सीताफळाचं संशोधन केंद्र याच अंबाजोगाईत आहे, धारूर-६ हे वाण तिथलं. डोंगरात फळं उतरवणाऱ्या बाया फळ चाखून तोडत नाहीत. फळाचे डोळे उघडले की नाही ते बघतात. दोन डोळ्यांमधली घळ रुंद होऊन फिकट पिवळसर दिसली की फळ काढणीला आलं. त्याआधी तोडलं तर ते पिकतच नाही, दगड होऊन काळं पडतं. इथे डोळ्यांचा निकाल शंभर टक्के खरा ठरतो. पण तेच फळ पिकून त्याचं साल काळपट झालं की शहरातलं गिऱ्हाईक ते नासलं समजून बाजूला सारतं. आतला गर उत्तम असतो. गिऱ्हाइकाला मोठं, हिरवंगार फळ हवं असतं. डोंगरातलं फळ लहान, बियांचं, पण त्याचा गोडवा आणि वास मी बागेतल्या फळापेक्षा वर धरतो. आणि जाता जाता स्वयंपाक करणाऱ्यांसाठी एक सांगतो: सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून बासुंदी गार झाल्यावरच तो घालायचा. इथे डोळे कामाचे नाहीत, कारण कडू झालेला गरही दिसतो तसाच.

आता उसाचा गूळ करणाऱ्यांकडून ऊस तोडणाऱ्यांकडे येतो. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कोपीत राहतात. बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते, अंधारात चूल पेटवते, भाकरी थापते आणि फडात जाते. ती भाकरी खायची वेळ येते तेव्हा ती गार आणि कडक झालेली असते. सोबत ठेचा, किंवा जवसाची, कारळाची चटणी. हे गरिबीचं जेवण आहे हे तर खरंच. पण ठेचाच का, याला शरीरशास्त्रातलंही उत्तर आहे.

गार अन्नाचा वास कमी सुटतो आणि गोडवाही कमी जाणवतो, कारण जिभेवरची गोड ओळखणारी यंत्रणा उबेत जास्त जोमाने चालते. गार भाकरी म्हणून मुकी लागते. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली दाखवून दिलं की मिरचीतलं कॅप्सायसिन शरीरातल्या ज्या ग्राहकाला चेतवतं तोच ग्राहक भाजण्याइतकी उष्णताही ओळखतो. त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे मेंदूला मिरची आणि चटका एकाच दारातून कळतात. गार भाकरीबरोबर ठेचा खाणाऱ्या माणसाच्या तोंडाला ऊब मिळते. कान लाल होतात, नाकाला पाणी सुटतं, लाळ सुटते, कोरडा घास उतरतो. चूल दोन कोसांवर राहिलेली असताना मिरची तिचं काम करते. त्या बाईने हे शोधनिबंधात वाचलेलं नाही. पण फडातल्या माणसांना रोज गरम जेवण मिळालं असतं तर ठेचा चवीपुरता राहिला असता, हेही मी इथे स्पष्ट बोलून ठेवतो. मिरचीने भागतं म्हणून गरम अन्नाची जबाबदारी कुणाची संपत नाही.

कानाबद्दल आपण कमी बोलतो. ऑक्सफर्डमध्ये मासिमिलियानो झांपिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ साली एक प्रयोग मांडला. माणसांच्या कानाला हेडफोन लावून, बटाट्याचे वेफर्स चावताना होणारा त्यांचाच आवाज त्यांना फिरवून ऐकवला. आवाजातला वरचा तीक्ष्ण भाग वाढवला की तेच वेफर्स अधिक ताजे आणि कुरकुरीत वाटले. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया-पापड घालतात, तळले की पहिला मोडून आवाज ऐकतात. मऊ पडलेल्या पापडाचं मीठ-मसाल्याचं प्रमाण तेच असतं, तरी त्याला कुणी हात लावत नाही.

आणि या सगळ्याचं एकत्र संमेलन पाहायचं तर पौष-माघात हुरड्याला जावं. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली गुळभेंडी ज्वारीची कणसं. धूर डोळ्यात जातो. कणीस बाहेर काढलं की हाताला चटके बसत असताना तळहातावर चोळायचं. कोंडा फुंकून उडवला की हिरवे, टचटचीत दाणे उरतात. दाणा दुधात असतो, साखरेचं पिठात रूपांतर पुरतं झालेलं नसतं, म्हणून तो गोड. चार-आठ दिवस उशीर झाला तर तीच ज्वारी पिठूळ होते. शहरात आता गोठवलेला हुरडा पाकिटात मिळतो. त्यात साखर तीच, हिरवा रंगही बराच टिकवलेला. पण तो खाताना काहीतरी राहून गेलं असं वाटतं, आणि ते बरोबर आहे. धूर राहिला, चटका राहिला, चोळतानाचा खरखर आवाज राहिला, शेजारच्या माणसाने आपल्या तळहातावर ओतलेला वाटा राहिला. यांना मी वातावरण म्हणत नाही. ते हुरड्याच्या चवीचेच भाग आहेत, मिठाइतके.

शेवटचा मुद्दा घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा. वय वाढलं की वास घेण्याची शक्ती उतरते. मोतीबिंदूने दृष्टी धूसर आणि पिवळसर होते. दात गेल्यामुळे चावण्याचा आवाज आणि स्पर्श दोन्ही कमी होतात. मग आजी ताट सारते, म्हणते जेवणात काही राम नाही, मीठच घातलं नाही. सून म्हणते, मीठ बरोबर आहे. दोघीही खरं बोलत असतात. आणि यावर घराघरांत भांडणं होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रक्तदाब असलेल्या माणसाला मग चोरून वरून मीठ घ्यावं लागतं.

यावर करण्यासारखं बरंच आहे आणि ते स्वस्त आहे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी ठळक लाल ताट-पेले दिले, तेव्हा त्यांचं खाणं सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. कारण अन्न ताटापासून वेगळं दिसू लागलं. आपण काय करतो? चकाकणाऱ्या स्टीलच्या ताटात पांढरा भात, त्यावर फिकट वरण, शेजारी पांढरी भाकरी, आणि वर अंधारा कोपरा. धूसर डोळ्यांना त्यात काय दिसणार? वरणाला मीठ वाढवण्याआधी हिंग-जिऱ्याची फोडणी ताटाजवळ आणून वरून द्या, वास आणि आवाज दोन्ही मिळतील. लिंबू पिळा. कोथिंबीर घाला. अन्न गरम द्या. भाकरी कुस्करून द्यायची तर त्यांच्यादेखत कुस्करा, किंवा त्यांच्याच हाताने कुस्करू द्या.

श्रोतेहो, तुमच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. या मोसमात गूळ घेताना तपकिरी ढेप मागा, खडा फोडून त्याचा वास घ्या, आणि तिला पिवळ्या गुळाइतका किंवा दोन रुपये जास्त भाव द्या. मागणी बदलली की गुऱ्हाळ आपोआप बदलेल, गुळव्याला तो गूळ करता येतोच. दुसरी मागणी आज रात्रीचीच आहे. घरातल्या ज्येष्ठांचं ताट उजेडात ठेवा, ते गडद रंगाचं घ्या, आणि त्यांनी चवीबद्दल तक्रार केली तर वाद घालू नका. मोतीबिंदूची तपासणी शेवटची कधी झाली ते विचारा. झाली नसेल तर इथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय जवळ आहे; या आठवड्यात त्यांना तिथे घेऊन जा.